88 प्लॉटचा ले-आउट मंजूर होईपर्यंत

ले-आउट काढायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती प्लॉट बसतील? आमच्या पहिल्या कागदावर 104 बसले होते. मंजूर नकाशावर 88 आहेत. मधले सोळा कुठे गेले आणि त्यातले किती आधीच ओळखता आले असते, त्याचा हा हिशेब. इथले आकडे आमच्या प्रकरणात लागू झालेले आहेत. नियमावली जागोजागी बदलते, तेव्हा आपापल्या नियमावलीत ते पडताळून घ्या. पाणी, उतार आणि गाडीचं वळण मात्र कुठेही तसंच वागतं.

जमीन जवळपास आयताकृती, पूर्व-पश्चिम 240 मीटर आणि दक्षिणोत्तर 200. दक्षिणेला जुना रस्ता, पूर्वेला नाला. उत्तरेकडून रस्त्याकडे सरासरी 6 टक्के उतार, म्हणजे वरच्या हद्दीपासून खाली येईपर्यंत 12 मीटरची उतरण.

6 जानेवारीला मोजणी सुरू झाली आणि पहिला प्लॉट तिथेच गेला. दस्तात क्षेत्र 48,000 चौरस मीटर होतं, मोजणीत 47,640 भरलं. उत्तरेची हद्द दस्तातल्या आकृतीपेक्षा दीड मीटर आत निघाली, जुन्या खुणा आणि कुंपण दोन्ही तिथेच होते. 240 मीटर लांबीवर दीड मीटर म्हणजे 360 चौरस मीटर. दस्तातल्या क्षेत्रावर प्लॉट मोजू नका, हे सांगायची खरं तर गरज नसावी, पण निम्मे लोक तेच करतात.

मोजणी करणाऱ्याला नुसती हद्द सांगितली तर तो नुसती हद्दच देतो. 10 मीटरच्या चौकटीत पातळ्या, अर्ध्या मीटरचे कंटूर (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा), नाल्याचा तळ आणि दोन्ही काठ, खांब, मोठी झाडं आणि जुन्या रस्त्यावरच्या सांडपाण्याच्या चेंबरची तळपातळी, एवढं कामाच्या पत्रातच लिहून द्या. चेंबरचं झाकण उघडून फूटपट्टी खाली सोडायला लावा. नोंदवहीत खोली 2.4 मीटर होती, प्रत्यक्षात 1.9 निघाली. आमच्या जमिनीला उतार भरपूर, म्हणून निभावलं. सपाट जमिनीवर हाच अर्धा मीटर महागात पडतो, कारण 0.4 टक्के उताराने टाकलेल्या पाइपला अर्धा मीटर म्हणजे 125 मीटरची लांबी. बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायच्या पक्क्या खुणा, दोन ठेवा आणि दोन्ही खोदाईच्या टापूबाहेर. एकच ठेवला तर तो पहिल्याच आठवड्यात खोदयंत्राखाली जातो.

मोजणीला तीन आठवडे लागले. त्याच काळात जमिनीत सहा चाचणी-खड्डे घेतले, प्रत्येकी 3 मीटर खोल ठरवून. ईशान्य कोपऱ्यातल्या खड्ड्यात 1.8 मीटरवर कठीण खडक लागला. तेव्हा त्याचं फारसं काही वाटलं नाही. पुढे त्यानेच एक रस्ता हलवला.

10 फेब्रुवारीला मंजुरी देणाऱ्या कार्यालयात अर्जाआधीची भेट झाली. अशा भेटीला रंगवलेला नकाशा नेऊ नये. पूर्ण नकाशा पाहिला की समोरचा माणूस चुका शोधतो, कच्चा पाहिला की सुचवतो. आम्ही कंटूरचा कागद आणि त्यावर पेन्सिलीने एकेरी रेघांचे रस्ते एवढंच नेलं. तासाभरात चार गोष्टी कळल्या. जुना रस्ता रुंद होणार म्हणून पुढची 6 मीटरची पट्टी सोडायची. नाल्याकाठी 9 मीटर मोकळे ठेवायचे. मोकळी जागा एकूण क्षेत्राच्या 10 टक्के, आणि नाल्याकाठची पट्टी त्यात धरायची नाही. चौथी गोष्ट म्हणजे जमिनीवरून आज जेवढं पाणी नाल्यात जातं, त्याहून जास्त सोडायचं नाही.

पहिल्या तिन्हींचा हिशेब सरळ: 1,440, सुमारे 1,800 आणि 4,764 चौरस मीटर. ही भेट झाली नसती तर यातलं निम्मं त्रुटी-पत्रातून कळलं असतं.

चौथीसाठी पाण्याचं गणित मांडावं लागलं. लहान क्षेत्राला तर्कसंगत सूत्र पुरतं: प्रवाह-गुणांक (पडलेल्या पावसातला किती भाग वाहून जातो), पावसाची तीव्रता मिलिमीटर प्रति तासात आणि क्षेत्र हेक्टरमध्ये, तिघांचा गुणाकार करून 360 ने भागायचं, उत्तर घनमीटर प्रति सेकंदात येतं. मोकळ्या जमिनीला गुणांक 0.3 आणि तीव्रता 75 धरली तर 4.76 हेक्टरवरून सेकंदाला सुमारे 300 लिटर येतात. छपरं, अंगणातली फरशी आणि डांबर आलं की गुणांक 0.6 होतो आणि तोच पाऊस 600 लिटर देतो. सेकंदाला जास्तीचे 300 लिटर वीस मिनिटं अडवायचे म्हटले तर अंदाजे 360 घनमीटरचं तळं लागतं. काठाचे उतार आणि साफसफाईची वाट धरून त्याला 700 चौरस मीटर गेले, म्हणजे आणखी दोन प्लॉट. तळं सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, नाल्याशेजारी. ते वर ठेवता येत नाही हे सांगावं लागू नये, पण पहिल्या कागदावर त्या कोपऱ्यात आम्हीच दोन प्लॉट काढलेले होते.

आता रस्ते. यात सगळ्यात जास्त दिवस गेले आणि ते जायलाच हवेत.

पहिल्या आराखड्यात मधोमध एक प्रवेश होता. त्यातून वर जाणारा 12 मीटरचा रस्ता, त्याला पूर्व-पश्चिम तीन आडवे रस्ते आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना बंद गल्लीचं गोल वळण. कागदावर छान दिसतं, फुलांच्या देठासारखं. पण गोलाचं माप काढलं की रंग उतरतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी आधार धरल्या जाणाऱ्या इंटरनॅशनल फायर कोड या अग्निसुरक्षा नियमावलीच्या परिशिष्टात 150 फुटांहून, म्हणजे सुमारे 46 मीटरहून लांब बंद रस्त्याला अग्निशमन गाडी वळवायची सोय लागते, आणि गोल करायचा तर त्याचा व्यास 96 फूट, म्हणजे 29.3 मीटर. भोवती दीड मीटरचा फुटपाथ धरला की एक गोल 819 चौरस मीटर खातो. सहा गोल म्हणजे 4,914. त्याऐवजी आडव्या रस्त्यांची टोकं एकमेकांना जोडली तर 55 मीटर लांबीचे आणि 9 मीटर रुंदीचे चार तुकडे पुरतात: 1,980 चौरस मीटर. बंद गल्लीने जागा वाचते ही समजूत या हिशेबात टिकत नाही.

शिवाय जोडलेल्या रस्त्यात पाण्याची नळवाहिनी वेटोळ्यात फिरते. टोकाला पाणी साचून राहत नाही, दुरुस्तीच्या वेळी दुसऱ्या बाजूने पुरवठा चालू ठेवता येतो आणि कचऱ्याच्या गाडीला मागे यावं लागत नाही. बंद गल्ली मुळातच वाईट असं नाही. न्यू जर्सीतल्या रॅडबर्नमध्ये 1929 साली क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी बंद गल्ल्या काढल्या तेव्हा घरांच्या दुसऱ्या बाजूने बागेतून जाणाऱ्या पायवाटांचं जाळंही दिलं होतं. पुढे नक्कल करणाऱ्यांनी गल्ली घेतली आणि पायवाट विसरली.

टोकं जोडायचं ठरल्यावर मधल्या रस्त्याची गरज संपली. त्याच परिशिष्टात 30 पेक्षा जास्त एक-दोन कुटुंबांची घरं असतील तर दोन स्वतंत्र प्रवेश मागितले आहेत, आणि दोघांमधलं सरळ अंतर जागेच्या सर्वात लांब कर्णाच्या निम्म्याहून कमी नको. आमचा कर्ण 311 मीटर, म्हणून 156 मीटर अंतर. दोन्ही कडांना एकेक 12 मीटरचा उभा रस्ता आणि त्यांच्यामध्ये 144 मीटरचे तीन आडवे रस्ते, असा सांगाडा इथे पक्का झाला.

144 मीटरचा ठोकळा, म्हणजे रस्त्यांनी वेढलेला जमिनीचा तुकडा, लांब की आखूड, यावर बरीच चर्चा झाली. दोन टोकाची उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवा. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या मध्यभागी ठोकळा 200 फुटांचा आणि रस्ते साधारण 60 फुटांचे, त्यामुळे सुमारे 41 टक्के जमीन रस्त्यात जाते. सॉल्ट लेक सिटीच्या मूळ आखणीत ठोकळा 660 फुटांचा आणि रस्ते 132 फुटांचे, तरी रस्त्यात 31 टक्केच जाते. ठोकळा आखूड तेवढं चालणं सोपं आणि जमीन कमी, हा सौदा टळत नाही. आम्ही 144 ठेवले आणि वरच्या दोन आडव्या रस्त्यांमध्ये 3 मीटरची पायवाट काढून दिली.

उभे रस्ते 6 टक्के चढाचे, आडवे जवळपास कंटूरवरून जाणारे. आडवा रस्ता अगदी सपाट ठेवायचा नाही, कडेच्या गटारात पाणी हलायला किमान 0.5 टक्के उतार हवा. उभ्या रस्त्यावरच्या प्लॉटना वेगळीच कटकट असते. 12.5 मीटर रुंदीवर 6 टक्के म्हणजे शेजारच्या प्लॉटशी पाऊण मीटरची पायरी. ती भिंत कोणी बांधायची हे नकाशावरच्या टिपेत लिहून घ्या, नाहीतर पुढे शेजाऱ्यांत तंटा ठरलेला.

आडव्या रस्त्यांची अडचण याहून मोठी आणि बहुतेकांच्या लक्षात न येणारी. रस्त्याच्या खालच्या बाजूचं घर रस्त्यापेक्षा खाली असतं आणि त्याचं सांडपाणी वर चढत नाही. प्लॉटची खोली 27.5 मीटर. घराची मागची बाजू रस्त्यापासून 22 मीटरवर धरली तर तिथली जमीन रस्त्यापेक्षा 1.32 मीटर खाली. त्यात नळी सुरू होते तिथली 60 सेंटिमीटर खोली आणि 60 ला 1 या उताराने 22 मीटरला 37 सेंटिमीटर मिळवा. बेरीज 2.29 मीटर. मुख्य वाहिनीला जोडण्यासाठी थोडी उतरण धरली की वाहिनीचा तळ रस्त्याखाली 2.5 मीटरवर जातो. नेहमीच्या सवयीने 1.2 ते 1.5 मीटरवर टाकली असती तर खालच्या रांगेतल्या प्रत्येक घराला पंप लागला असता.

दुसरा मार्ग म्हणजे प्लॉटच्या मागच्या हद्दीतून वाहिनी नेऊन 3 मीटरची पट्टी राखीव ठेवायची. खोदाई कमी होते. पण त्या पट्टीवर पाच वर्षांत शेड उभी राहते आणि चेंबर तुंबला की सफाईची गाडी तिथे पोचत नाही. आम्ही खोल वाहिनी पत्करली. दीड मीटरच्या खाली खंदकाच्या बाजूंना आधार द्यावा लागतो, तो खर्च आधीच धरा. इथे तो ईशान्येचा खडक आठवला: 1.8 वर खडक आणि 2.5 वर पाइप. वरचा आडवा रस्ता पश्चिमेकडून सुरू होऊन खडकाच्या अलीकडे थांबावा म्हणून पूर्वेचा उभा रस्ता 7 मीटर सरकवला, पश्चिमेचाही तेवढाच, कारण 156 चं अंतर राखायचं होतं. खडक ज्या तुकड्यात राहिला तो मोकळ्या जागेत घातला.

नळांची आणि सांडपाण्याची वाहिनी एकमेकींपासून आडवी 3 मीटर, आणि एकमेकींना ओलांडताना पाण्याची वाहिनी 45 सेंटिमीटर वर. 9 मीटरच्या रस्त्यात वीज, दूरसंचार आणि पावसाळी गटार धरून हे सगळं बसतं का, ते रस्त्याचा आडवा छेद काढूनच कळतं. प्लॉटच्या रेघा काढण्याआधी तो छेद काढा.

17 मार्चला अर्ज दाखल केला. त्रुटी-पत्र 2 मे रोजी आलं. एकोणीस त्रुटी होत्या आणि त्यातल्या अकरा निव्वळ कागदी. प्लॉटच्या क्षेत्रांची बेरीज तक्त्यातल्या आकड्याशी 0.6 चौरस मीटरने जुळत नव्हती, कारण प्रत्येक प्लॉट वेगळा गोल केला होता. कंटूरची आधारपातळी, म्हणजे उंची कुठून मोजली ते, लिहिली नव्हती. एका रस्त्याचं नाव जवळच्याच दुसऱ्या रस्त्यासारखं ऐकू येत होतं, आणि रुग्णवाहिका चुकीच्या ठिकाणी जाऊ नये म्हणून ते बदलायला सांगितलं. हा आक्षेप पटण्यासारखा होता. अशा त्रुटींनी महिना जातो, म्हणून दाखल करण्याआधी नकाशा न काढलेल्या माणसाकडून एकदा तपासून घ्या.

उरलेल्या आठपैकी तीन महत्त्वाच्या.

अग्निशमन विभागाने आडव्या रस्त्याला 6 मीटर मोकळी रुंदी मागितली. आमच्याकडे 5.5 होती, दोन्ही बाजूंना 1.75 चे फुटपाथ. रस्त्याची एकूण 9 मीटरची हद्दरुंदी न वाढवता दोन्हीकडून पाव-पाव मीटर घेतले, फुटपाथ दीड मीटरवर आले आणि दिव्याचे खांब मागच्या कडेला गेले. बदल्यात रस्त्यावर गाड्या लावायला बंदी, हेही नकाशावर लिहावं लागलं.

दुसरी पश्चिमेच्या प्रवेशाबद्दल. जुन्या रस्त्यावर गाड्या ताशी 50 किलोमीटरने येतात. अडीच सेकंदांच्या प्रतिक्रियेत 35 मीटर आणि ब्रेक लागून थांबायला 28, मिळून 63 मीटर तरी स्वच्छ दिसलं पाहिजे. कागदावर दिसत होतं. जागेवर 1.08 मीटर उंचीवर, म्हणजे चालकाच्या डोळ्याच्या पातळीवर, कॅमेरा ठेवला तर शेजारच्या कुंपणाची भिंत आडवी येत होती. 7 मीटर आधीच सरकवल्यामुळे थोडक्यात भागलं. कोपऱ्यावर झुडपंही 75 सेंटिमीटरच्या वर नकोत, अशी अट पडली.

तिसरीवर आम्ही वाद घातला आणि तो घालायलाच हवा होता. छाननीत प्रवेशाच्या कोपऱ्याला 9 मीटर त्रिज्या सुचवली होती, मोठी गाडी सहज वळावी म्हणून. 6 मीटरचा रस्ता. फुटपाथच्या मध्यावरून, कडेच्या रेघेपासून 0.9 मीटर आत, चालणारा माणूस सरळ ओलांडायला निघाला तर 3 मीटर त्रिज्येला त्याला 7.7 मीटर रस्ता ओलांडावा लागतो. 9 मीटर त्रिज्येला 16.2. सेकंदाला 1.2 मीटर चालणाऱ्याला पहिल्यात साडेसहा सेकंद, दुसऱ्यात साडेतेरा, आणि त्याच सैल वळणावरून गाडी जोरात येते. आम्ही अग्निशमन गाडीच्या चाकांचा माग नकाशावर काढून दाखवला. वळताना ती समोरची अर्धी बाजू वापरते, पण कर्बवर, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडावर, चढत नाही. 4.5 मीटरवर तडजोड झाली. चाकांचा माग जोडला नसता तर 9 च मान्य करावे लागले असते, कारण तोंडी युक्तिवादाची फाइलमध्ये नोंद होत नाही.

प्रवेशाचा पहिला 15 मीटर तुकडा 6 ऐवजी 3 टक्क्यांवर आणला. नाहीतर खाली येणारी गाडी उतारावरच थांबून डावी-उजवीकडे पाहते.

26 मेला सुधारित नकाशा दिला. प्रत्येक त्रुटीसमोर काय बदललं आणि कोणत्या पानावर, असा दोन रकान्यांचा तक्ता सोबत होता. छाननी शुल्कात दोन फेऱ्या धरलेल्या होत्या, तिसरीला ते पुन्हा भरावं लागलं असतं. 30 जूनला तात्पुरती मंजुरी मिळाली.

तेव्हाचा हिशेब असा: रस्ते, पायवाट आणि रुंदीकरण मिळून 10,080 चौरस मीटर, मोकळी जागा 4,764, नाल्याची पट्टी 1,800, तळं 700, रोहित्रासाठी 150. उरलेल्या 30,146 मध्ये 88 प्लॉट, सरासरी 343. साधा प्लॉट 12.5 मीटर रुंद. कोपऱ्याचा मात्र 15.5 ठेवला, कारण त्याला दोन रस्त्यांकडून साडेचार मीटरचं अंतर सोडावं लागतं. 12.5 च्या कोपऱ्यात घराला साडेसहा मीटरच उरतात, आतल्या प्लॉटला साडेनऊ. पहिल्या कागदावर सगळे कोपरे 12.5 चे होते.

तात्पुरत्या मंजुरीवर प्लॉट विकता येत नाहीत. रस्ते, वाहिन्या आणि हद्दीचे दगड जागेवर आले, त्यांची मोजणी झाली की मगच अंतिम नकाशा. त्या मोजणीत वरच्या आडव्या रस्त्यावर दोन चेंबरमधल्या 48 मीटर पाइपला 24 सेंटिमीटर उतरण हवी होती, 17 च मिळाली. खालच्या चेंबरचा तळ 7 सेंटिमीटर वर बसला होता. 0.5 टक्क्यांचा उतार 0.35 वर आला आणि 200 मिलिमीटरच्या पाइपला आमची किमान मर्यादा 0.4 होती. त्याखाली प्रवाह मंदावतो आणि गाळ तळाशी बसतो. तो तुकडा उकरून पुन्हा टाकला. नशीब, वर डांबर पडलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक चेंबरचा तळ माती लोटण्याआधी दोन्ही बेंचमार्कवरून तपासला.

हद्दीचे दगड सगळ्यात शेवटी बसवा. आधी बसवलेले अकरा दगड रस्त्याचा रोलर फिरताना हलले आणि पुन्हा बसवावे लागले.

कामाची हमी म्हणून ठेवलेली रक्कम बारा महिन्यांनी परत मिळते. मुदत संपायच्या महिनाभर आधी वाहिनीतून कॅमेरा फिरवून घ्या आणि ते चित्रण अर्जाला जोडा. एखादा सांधा सुटला असेल तर तो ठेकेदाराच्या दोष-दुरुस्तीच्या मुदतीतच सापडलेला बरा.